पडवीवरची खोली

"जिना इकडनं घेऊ, खिडकी शेताकडं," म्हणत मुलानं पडवीच्या फरशीवर कोळशानं रेघ ओढली. "दहा बाय नऊची खोली होतीय, बाबा. ताईची कायमची सोय लागली."

म्हाताऱ्या गवंड्यानं काठीनं कोपऱ्यातला खांब ठोकून बघितला. नवऱ्यानं टाकलेली लेक चार महिने स्वयंपाकघरात चुलीपाशी अंग टाकत होती, आणि सून रोज पहाटे भांडी आपटून तिला उठवत होती. खोली पाहिजेच होती. अर्ध्या गावाची घरं म्हाताऱ्यानं उभी केली होती. आता हात थरथरायचे, म्हणून थापी मुलाकडं आली होती.

"विटा उद्या येतायत."

"नको मागवू," म्हातारा म्हणाला. "खांब पेलणार नाहीत."

मुलगा हसला. "तुमच्याच हातचे खांब ना? साडेतीन फूट पाया घेतलाय म्हणून लहानपणापासनं ऐकतोय."

"खणून बघ."

मुलानं कोपऱ्यातल्या खांबाशी कुदळ घातली. दीड फुटावर दगड संपले. खाली नुसती काळी माती. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी.

"तुझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली," म्हातारा खड्ड्याकडं बघत म्हणाला. "पाऊस तोंडावर आलेला. शेजारचं घर अर्धवट होतं. त्यांचं पुरं केलं अन् आपलं कसंबसं उरकलं. म्हटलं, पडवीच तर आहे, वर कोण चढतंय?"

"आणि आम्हाला साडेतीन फूट सांगत राहिलात?"

"लाज वाटली रे."

लेक दारात उभी होती. तिनं ओलं फडकं आणलं, खाली बसून कोळशाची रेघ पुसली आणि आत निघून गेली.

सुनेच्या पोटात मात्र ते राहिलं नाही. विहिरीवर गेली अन् मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर एकच बोलणं: "स्वतःच्या घराला दीड फूट, मग आपल्याला काय दिलं असेल?"

सकाळी कुदळीच्या आवाजानं म्हातारा बाहेर आला. शेजारी आपल्याच भिंतीच्या बुडाशी खणत होता.

"तुझा पाया पुरा आहे. शपथेवर सांगतो," म्हातारा काठी टेकत जवळ गेला.

"शपथेवर भिंती उभ्या राहत नाहीत, काका."

म्हातारा मातीच्या ढिगाशी उकिडवा बसला. दोन फुटांवर दगड. तीन फुटांवर दगड. साडेतीनला कुदळ मुरमावर खणकन वाजली. शेजाऱ्यानं घाम पुसला आणि वर न बघता माती परत लोटायला घेतली.

"बघितलंस ना? मग सांग की लोकांना."

"सांगतो," शेजारी म्हणाला. "पण हा एक कोपरा झाला, काका. बाकीचे तीन कुणी बघितलेत?"

म्हातारा काठी टेकत उठला. पलीकडच्या घराच्या बुडाशी दुसरी कुदळ पडायला लागली होती.