ओढ्यालगतचा तुकडा

आमच्या रीतीप्रमाणे माझ्याशी लग्न करून लुफेयो बायकोच्या गावी, आमच्या डोंगरात राबायला आला, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: "आमच्या लिलोंग्वेच्या माळावरची माती बघ. खत न घालता मका डोक्यावर जातो. तुमच्याकडं कुदळ मारली की ठिणगी उडते." माझे कान किटले होते. पण त्यात खोटं काय होतं? दर साल आम्ही वरंबे ओढायचो आणि दर साल पाऊस ते दरीत न्यायचा. कणसं बोटाएवढी. यंदा मीच थकले. म्हटलं, चल तुझ्या गावी. नवऱ्याच्या गावी जायचं तर बायकोच्या मामाला विचारावं लागतं. मामानं कोंबडी घेतली आणि मान हलवली.

"आईच्या जमिनीतला माझा तुकडा एस्नातीताईकडं आहे," लुफेयो बसमध्ये सांगत होता. "ओढ्यालगतचा."

एस्नाती, त्याची थोरली बहीण. तिनं न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाढला, पोटभर जेवू घातलं आणि मग तोंड उघडलं.

"तुकडा पडीक होता रे. गावप्रमुख म्हणाला, कसत नसाल तर दुसऱ्या घराला देतो. म्हणून लेकीला दिला. जावई कसतो."

"कळवायचंस तरी, ताई."

"काय कळवायचं? जावई म्हणून बायकोच्या गावी गेलेले परत येतात ते बायको मेल्यावर. तुझी तर चांगली धडधाकट दिसते." ती माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही. "मागितलास तर देईन हो. तुझाच आहे. मग लेक-जावई जातील जावयाच्या गावी."

मी लुफेयोला कोपरानं ढोसलं. माग म्हटलं. माझे हात आता दगडांना पुरत नव्हते.

"आधी बघून येतो," तो म्हणाला.

माती खरंच तशी होती, काळीभोर, ओली. लुफेयोनं खाली वाकून ढेकूळ उचललं. बिझवेक, एस्नातीचा जावई, वरंबे ओढत होता. आम्हाला बघून थांबला, गुडघा टेकून नमस्कार केला.

"तुझ्या गावची जमीन कशी?" लुफेयोनं विचारलं.

"वाळू आहे, मामा. माझा बाप त्यातच झिजून गेला." त्यानं घाम पुसला. "इथं आलो तेव्हा पहिलं पीक बघून रडलो मी. बायको अजून चिडवते."

लुफेयो हातातलं ढेकूळ बोटांनी दाबत राहिला.

"मामा, आधी कुणाचा होता हो हा तुकडा?"

बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी लुफेयोकडे बघत होते. बोल रे बाबा, एकदा तरी स्वतःसाठी बोल.

"कुणाचा नाही," लुफेयो म्हणाला. "नुसता पडून होता."

त्यानं ढेकूळ चुरून खाली सोडलं, हात झटकले आणि परतीची बस कधी सुटते ते विचारलं.