भर उन्हाळ्यातला मफलर

मी एक जुना तपकिरी मफलर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला थंडीसाठी कुणी विणलं नाही. थंडीतले मफलर ढीगभर! मी मिरवलो तो उन्हाळ्यात, तोही वर्ध्याकडच्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

विमलाबाईंनी नवऱ्याच्या आठवणीचा स्वेटर उसवला आणि त्या लोकरीतून मला विणलं, आपल्या लेकीसाठी. लेक म्हणजे प्रमोदिनीबाई, सेलूच्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या. त्यांच्या उजव्या गालात एक दुखणं होतं. वाऱ्याची झुळूक लागली, घास चावला, कधी नुसतं बोललं, तरी गालावर कढत तेल उडाल्यासारखी कळ उठायची. थोड्या वेळात जायची, पण परत कधी येईल त्याचा नेम नाही. मी वारा अडवायचो. मात्र सैलच बसावं लागे, गालाला घट्ट लागलो तर मीच वैरी. फार वाईट वाटायचं मला त्याचं.

बाहेरून गाल अगदी चांगला दिसे, आणि तिथंच सगळा घोळ झाला. शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, "दाढेतच कीड हाये बाई. काऊन सहन करून राह्यल्या? काढून टाका." काढली. कळ तशीच. "मंग बाजूची असन." तीही काढली. मग तिसरी! शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की दाढा चांगल्याच होत्या, दुखते ती चेहऱ्याची नस, आणि खात्रीचं औषध त्यांच्याजवळ नाही. परतीच्या मोटारीत बाई रडल्या नाहीत, चिडल्या. "माझ्या दाढांनी काय घोडं मारलं होतं हो?" असं त्या मलाच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सगळं उघड सांगितलं आणि एक नियम केला. बाईंनी माझं टोक वर धरलं, की पुढचं वाक्य मुलींनी म्हणायचं. खिडकीजवळची जयवंता तर रोज विचारायची, "बाई, खिडकी लावू का?" त्या एका प्रश्नानं मला काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

मार्चमध्ये शाळेची तपासणी आली. हेडमास्तर हरिभाऊ कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "साहेब येऊन राह्यले बाई. पाठ चालू असताना तुमचं तोंड बंद पडलं तर शाळेची काय इज्जत राह्यते? राजीनामा द्या, घरी आराम करा."

"आराम केला तरी दुखतंच, हरिभाऊ. मग शिकवतानाच दुखू द्या," बाई म्हणाल्या. वा रे माझी बाई!

तपासणीच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. साहेबांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. बाईंनी सुरुवात केली, "वर्धा नदी आपल्या जिल्ह्याच्या..." आणि कळ उठली. बाईंचे डोळे मिटले. पण माझं टोक वर गेलं. जयवंता उठली, "...जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते." दुसरी उठली, मग तिसरी. धडा कुठंही अडला नाही.

साहेब खूश! शेरेबुकात लिहिता लिहिता म्हणाले, "मुलींना बोलतं करायची पद्धत उत्तम आहे तुमची." हरिभाऊंचा जीव भांड्यात पडला. ते बाईंना डोळ्यांनी खुणावू लागले, आता गप्प बसा. तेवढं केलं असतं तर नोकरी वाचलीच होती.

बाई म्हणाल्या, "पद्धत नाही साहेब, हे माझं दुखणं आहे. बरं होणारं नाही."

"मग शिकवता कशा?"

"आत्ता पाहिलंत तशी."

साहेबांनी पंख्यासारखा हलवत असलेला कागद खाली ठेवला आणि लिहिलेला शेरा तसाच राहू दिला.

आज मला कसरीनं चार भोकं पाडलीत, माझी एक कड उसवली आहे. बाईंची कळ गेलेली नाही आणि बाईही शाळा सोडून गेलेल्या नाहीत. मित्रांनो, मला डांबरगोळ्या घालून जपा असं मी म्हणत नाही. पण कुणी भर उन्हाळ्यात तोंड गुंडाळून दिसलं, तर दात मोजू नका, हसू नका, घरी बसायचा सल्ला तर मुळीच देऊ नका. खिडकी लावू का, एवढं विचारा.