पडद्याकडे पाठ

"काय सांगतोस कचरू, तीन टेम्पो?"

"व्हय साहेब, खुलताबादहून. हिरोचे पाहुणे सगळे. आत्या, मावश्या, चुलते. शुक्रवारी हाऊसफुल्ल त्यांनीच केलं. आज सोमवार, तर आत बघा, अकरा माणसं."

राजेंद्र मटकन पायरीवर बसला. शहागंजातल्या त्या जुन्या टॉकीजचा हा डोअरकीपर थापा मारणाऱ्यांतला नव्हता.

बावीस वर्षं राजेंद्र शहरातल्या केबल चॅनेलवर सिनेमाच्या धंद्याचा कार्यक्रम करत होता. कोणता पिक्चर चालणार, कोणता झोपणार हे तो सांगायचा आणि आसपासच्या गावांतले टॉकीजवाले त्याच्या शब्दावर पिक्चर लावायचे. त्याची पद्धत मात्र जगावेगळी. शुक्रवारच्या पहिल्या खेळाला पडद्याखाली स्टूल टाकायचं, पडद्याकडे पाठ करायची आणि लोकांची तोंडं बघायची. पडदा फसवतो, तोंडं फसवत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको संध्या म्हणायची, "हजारो पिक्चरला गेलात, पण पाहिला एकही नाही. असा नवरा अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही."

या शुक्रवारी तोंडं अशी काही फुलली होती, की राजेंद्रने टीव्हीवर ठासून सांगितलं होतं, "पन्नास दिवस. लिहून ठेवा!" आणि ती निघाली घरच्या पोराचं कौतुक करायला आलेली माणसं! शब्दाची पत सोडली तर राजेंद्रकडे दुसरं होतं काय?

"गप बसा हो काका," राजेंद्र टीव्हीवर चूक कबूल करायची म्हणाला तेव्हा चॅनेलचा मालक इंद्रजीत म्हणाला. "लोक विसरून जातेत."

"पाचोडचा टॉकीजवाला माझं ऐकून पिक्चर लावायला निघालाय. तो कसा विसरेल?"

संध्याकाळी सातला राजेंद्रने कॅमेऱ्याकडे बघून सांगून टाकलं. "मी चुकलो. ते पाहुणे होते. हा पिक्चर चालणार नाही." बोलल्यावर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात थेट कार्यक्रमातच प्रेक्षकांचा फोन वाजला.

"साहेब, म्या कडूबाई. हिरोची आत्या. पाहुणे होतो, खरंय. पर हसू काय कुनी उसनं आणतंय व्हय? आमचे मालक गेल्यापास्नं वरीसभर म्या हसले नव्हते. त्या दिशी पोट दुखंस्तवर हसले. तुमाला कसा वाटला पिक्चर?"

हा प्रश्न त्याला बावीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

"बाई, मी... पाहिला नाही."

"अगं बाई! मंग वळून बघा की येकदा!"

तिकडे फोनवर कडूबाईच्या घरभर हशा पिकला. इकडे इंद्रजीत हसला, कॅमेरावाला हसला आणि शेवटी राजेंद्रलाही राहवेना.

मंगळवारी दुपारी त्याने तिकीट काढलं आणि माणसासारखा खुर्चीत बसला. पडद्यावर वरात पुढे निघून गेली आणि नवरदेव मागेच चिखलात राहिला, तेव्हा राजेंद्र असा खो खो हसला, की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. इतकी वर्षं आपण काय काय हुकवलं, या विचाराने त्याला जरा रडूही आलं, पण ते हसण्यात खपून गेलं. दिवे लागले तरी तो उठेना.

"साहेब, संपला की पिक्चर," कचरू म्हणाला.

"पुढचा खेळ कधी?"

"तीनचा होता. रद्द केला. एक बी तिकीट गेलं नाय."

"दोन गेली म्हण," राजेंद्र डोळे पुसत उठला. "संध्याला घेऊन येतो."