रंगाचा रकाना

युलालियाने फोडलेलं पेकन, अक्रोडासारखं ते फळ, पाटीत टाकलं, एप्रनने खुर्ची पुसली आणि टटलसाहेबाला बसायला दिली. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेतला हा कारकून शाळा सुटली की जनगणनेची वही घेऊन फिरायचा. दहा वर्षांपूर्वी, तीस सालीही हाच आला होता, पण तेव्हा बसला नव्हता. फाटकातूनच चेहरे पाहून त्याने रंगाच्या रकान्यात ‘मेक्सिकन’ खरडलं आणि चालता झाला. त्याआधीच्या गणनेत हेच घर गोरं होतं. माणसं तीच, टेक्सासचं ऊनही तेच.

आज त्याने नावं विचारली, वयं विचारली. रंगाच्या रकान्याशी आला आणि न विचारताच लिहू लागला.

“काय लिहिलंत, साहेब?”

“गोरे. वॉशिंग्टनचा हुकूम आहे. आता मेक्सिकन लिहायचं नाही.”

पुन्हा पेकन फोडायला लागलेले युलालियाचे हात थांबले. तिची सात वर्षांची नीव्हेस रोज दोन मैल चालत रुळांपलीकडच्या मेक्सिकन शाळेत जायची. तिथे चार इयत्तांना मिळून एक मास्तरीण आणि समोरच्या शाळेने टाकून दिलेली पुस्तकं. समोरची शाळा घरापासून चाळीस पावलांवर होती. तिची घंटा ऐकून युलालिया चुलीवर तवा ठेवायची.

ती आत गेली, मुलीचं तोंड धुतलं, तिला इस्टरचा फ्रॉक घातला आणि साहेबापुढे आणून उभं केलं.

“मग उद्यापासून हिला समोरच पाठवते.”

टटल कसनुसा हसला. शाळेचा याच्याशी काही संबंध नाही, तिथलं सगळं मंडळ ठरवतं, असं सांगू लागला.

“हरकत नाही. आत्ता लिहिलंत तेवढंच एका चिठ्ठीवर द्या. मंडळाला मी दाखवते.”

“ते जमणार नाही, बाई. यातलं कुणाला सांगता येत नाही. कायद्यानं गुपित असतं. मला दंड होईल.”

त्याने वही मिटून काखेत मारली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि तोही झाकून ठेवलेला. युलालियाला अशी चीड आली की पाटीतलं एक पेकन उचलून तिने मुठीत दाण्यासकट चिरडलं.

सकाळी समोरच्या फाटकाशी नीव्हेस घुटमळली. आत टटल घंटेची दोरी ओढत होता.

“आई, आपण आता गोरे ना?”

“हो.” युलालिया तिचा हात धरून रुळांकडे वळली. “पण हळू बोल. कुणाला कळलं तर त्या बिचाऱ्याला दंड होईल.”