एकतीस वेळा सहमत

मी एक जुना चर्चाफलक आहे. भिंतीवरचा नव्हे, मित्रांनो, संगणकातला. खडूची धूळ मी कधी खाल्ली नाही, पण मुलांचं म्हणणं अंगावर वागवण्यात माझा जन्म गेला.

मला सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी तयार केलं. त्या वर्गात एक मुलगी होती. बोलताना तिचा शब्द अडखळायचा, म्हणून ती बोलायचीच नाही. मुलांनी तिचं नाव ‘म्यूट’ ठेवलं होतं. बाईंच्या जिवाला ते लागायचं. ‘तोंडाने नाही तर नाही, हाताने तरी बोलेल पोर,’ असं पुटपुटत त्यांनी माझी मांडणी केली. खरं सांगायचं तर माझा जन्म तिच्यासाठीच होता.

नियम सोपा होता. धडा संपला की ज्याला जे सुचेल ते माझ्यावर लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याला उत्तर द्यायचं. उत्तराला एक गुण.

आवाजाचा धडा झाला आणि तिने सगळ्यांच्या आधी लिहिलं, “आवाज स्वरयंत्रातून निघतो. मग तोंडाशी आलेला शब्द अडकतो, तो नेमका कुठे? आणि मनातल्या मनात वाचताना तो का अडकत नाही?”

मित्रांनो, माझ्यावर याहून मोलाचं कोणी काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग संगणकाच्या खोलीत आला. वर्गात वकील म्हणून ओळखला जाणारा एक मुलगा होता.

“अरे, एवढं काय वाचत बसलास?” तो शेजाऱ्याला म्हणाला. “‘सहमत’ लिही आणि सूट!”

“पण हा प्रश्न आहे ना रे?”

“मग प्रश्नाशी सहमत! बाई काय, आकडा बघतात.”

बघता बघता एकतीस जणांनी एकच शब्द लिहिला. आणि मी? मी इमानेइतबारे मोजत गेलो. मला मोजायचंच शिकवलं होतं, उत्तर पारखायचं नाही. बाईंच्या पडद्यावर मी ठळक अक्षरांत दाखवलं : एकतीस उत्तरं.

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. वह्यांचा ढीग समोर होता, उत्तरं उघडून बघायला सवड नव्हती. त्यांनी वर्गात मला मोठ्या पडद्यावर लावलं, तोच आकडा दाखवला आणि म्हणाल्या, “बघा, हिच्या एका प्रश्नावर केवढी चर्चा! ऊठ बाळा, सांग बरं, काय ठरलं चर्चेत?”

ती उठली. ओठ हलले.

“स... स...”

“सहमत!” मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खो खो हसला. बाईंना हसण्याचं कारण कळेना. ती खाली बसली.

त्याच दुपारी तिने आपला प्रश्न पुसला. मी लगेच पाटी लावली : ‘हा मजकूर काढून टाकला आहे.’ खाली एकतीस सहमत तसेच लोंबकळत राहिले.

संध्याकाळी बाईंनी मला उघडलं आणि प्रथमच उत्तरं वाचली. वरपासून खालपर्यंत, एकेक. मग त्यांनी सगळ्यांच्या खाली लिहिलं, “माझं चुकलं गं. पुन्हा विचारशील? मी वाचेन.”

ती माझ्याकडे पुन्हा आली नाही. वर्ष संपलं, शाळेने दुसरं काहीतरी नवं घेतलं, मी मागे पडलो. त्याचं मला दुःख नाही. जुनं झालं की अडगळीत जायचंच. पण जिच्यासाठी मला मांडलं, तिच्याच विरुद्ध माझा आकडा उभा राहिला, हे काही केल्या मनातून जात नाही. बाईंच्या त्या ओळीखाली मी आजही शून्य उत्तरं दाखवतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे पुष्कळ फलक असतील, माझ्याहून देखणे. त्यांची निगा म्हणजे फार काही नाही. कोणी विचारलं तर आधी वाचा. उत्तर ठाऊक नसेल तर सरळ लिहा, ‘मला नाही गं माहीत, पण तुला असं का वाटलं?’ एवढ्यानेही समोरच्याला कळतं, की आपलं म्हणणं कोणाच्या तरी डोळ्यांखालून गेलं.