मशिनीपुरतं गाणं

रेडिओ श्रोता मंडळाचा चिटणीस म्हणून चावडीतली हजेरी माझ्याकडे होती. शेतीच्या कार्यक्रमाला अकरा माणसं, बाजारभावाला सतरा. अकरातली चार झोपलेली असत, पण तीही मी धरत असे, कारण आकाशवाणी केंद्राला पाठवायच्या तक्त्यात 'जागे' असा रकाना नव्हता. शुक्रवारच्या 'बांधावरच्या बैठकी'ला मात्र, एक शुक्रवार सोडला तर, पन्नासच्या खाली आकडा कधी गेला नाही. तो कार्यक्रम आमच्या कोंडीबाचा होता.

कोंडीबा मेंढरामागं फिरत ओव्या म्हणायचा. विट्याच्या एका जत्रेत केंद्राच्या कुणा साहेबानं त्याला ऐकलं आणि चौसष्ट साली त्याला अर्धा तास दिला. ओवी, भारूड, एखादी लावणी, मधे त्याचे विनोद. सुरुवातीलाच तो म्हणायचा, "या रं गड्यांनो! आवं आज्जी, तुमीबी सरका की फुडं!" आणि आमच्या चावडीतल्या म्हाताऱ्या खरोखर पुढं सरकायच्या. माणूस शहरात, पेटीत आवाज, पण त्याला हलवता येत होतं. हा गुण मोठा आणि धोक्याचा, असं मला तेव्हाही वाटे. पण एकदा त्यानं पेटीतून "आमचं हुशार गुरुजी" म्हणून माझं नाव घेतलं आणि ते वाटणं कमी झालं.

पासष्टच्या मार्गशीर्षात तो जीपमधून आवाज भरायचं मशीन घेऊन गावात आला. सोबत चष्मेवाले इंजिनिअरसाहेब. बायडाबाईचं गाणं भरायचं होतं.

बायडाबाई बौद्ध वस्तीतली. एके काळी आषाढात मरीआईची गाणी तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणी म्हणत नव्हतं. कोंडीबा लहानपणी मेंढरं बसवून तिच्या कुडाबाहेर ऐकत बसायचा. सुराची लांबलचक ओढ कशी धरायची ते तिथंच शिकला. तिला तो आक्का म्हणायचा. पुढं सत्तावन साली वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा घरोघरचे देव पाटीत भरून येरळा नदीत सोडायला तीच पुढं होती. त्या दिवसापासून मरीआईचं एक अक्षर तिच्या तोंडून निघालं नाही. आता तिनं शाळेवर, वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरींवर गाणं बांधलं होतं, आणि ते नव्या विहाराच्या उद्घाटनाला तीच म्हणणार होती. त्याआधी ते रेडिओवर लागणार म्हणून वस्ती हवेत होती.

शाळेच्या खोलीत मशीन मांडलं. साहेब म्हणाले, "आधी आवाज बघू. काहीही म्हणा."

"काय म्हणू?" बायडाबाईनं मला विचारलं.

"पाढे म्हणा," मी म्हणालो. तिला हसू आलं.

कोंडीबा म्हणाला, "आक्का, मरीआईचं म्हण की. लय दिस झालं ऐकून."

"न्हाई बा. सोडलंय त्ये."

"मशिनीपुरतं गं! आवाज बघाय. लगीच पुसतो."

"पुसतो म्हंजी?"

"पाटीवरलं पुसत्यात तसं. ऱ्हातंय व्हय काय त्यात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मशीनमधलं मला तिच्यापेक्षा जास्त काही कळत नव्हतं, पण गुरुजी असल्यामुळे मी मान हलवली.

ती म्हणाली. आठ वर्षं कोंडलेला आवाज होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. कोंडीबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. मग तिनं घसा साफ करून नवं गाणं म्हटलं. तेही चांगलं झालं, पण शब्द सांभाळत, परीक्षेला बसल्यासारखं. जाताना कोंडीबा म्हणाला, "दिल्लीत आता रेडिओला चित्र लागलंय म्हणं. आपल्याकडं आलं की आक्का, तू दिसशील बघ."

"मग लुगडं चांगलं नेसाय लागंल," ती म्हणाली.

त्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी चावडीत एकाहत्तर माणसं. वस्तीतली माणसं एरवी बाहेर भिंतीपाशी उभी राहून ऐकत. त्या दिवशी यल्लाप्पांनी, म्हणजे वस्तीतल्या जाणत्या माणसानं, बायकांना आत नेऊन सतरंजीवर बसवलं. सरपंचांनी पाय आखडून घेतले. तेवढंही आमच्या गावात कमी नव्हतं. बायडाबाई मधोमध, शेजारी तिची सून विजयमाला.

कोंडीबा पेटीतून बोलू लागला, "आता आमच्या गावची बायडाबाई. मरीआईची लय जुनी भक्तीण. ऐका!"

आणि मरीआईचं गाणं सुरू झालं.

वरच्या आळीची माणसं खूश. "वा! ह्यो आवाज!" सरपंचांनी मांडीवर ठेका धरला. कुणीतरी हात जोडले. सतरंजीवर मात्र कुणी हललं नाही. मग यल्लाप्पा उठले. मग दोन बायका. मग एकेक करून बाकीच्या. गाणं संपलं तेव्हा मी मोजलं, अठ्ठेचाळीस. त्यात बायडाबाई होती. ती उठली नव्हती. आपलाच आवाज पेटीतून संपेपर्यंत तिनं ऐकला, आणि मग मला म्हणाली, "गुर्जी, तुमी हुता तितं."

"होतो."

"पुसतो म्हन्ला हुता."

"म्हणाला होता," मी म्हणालो, पण हळू. सरपंच ऐकत होते.

वस्तीत बोलणं सुरू झालं. जावेनं, धोंडुबाईनं, पाणवठ्यावर विचारलं, "दिवसा विहार आन रेडिओत मरीआई, व्हय गं?" कुणी म्हणालं, बाईनं रेडिओसाठी धर्म मोडला. ज्या बाईनं पुढं होऊन इतरांचे देव पाण्यात सोडले, तिनं आपला तेवढा राखून ठेवला. हे बोलणं तिला सगळ्यात लागलं.

माघात कोंडीबा गावी आला. ती त्याच्या दारात गेली; मला बरोबर नेलं. त्यानं घोंगडं अंथरलं, ती बसली नाही.

"पुसतो म्हन्ला हुतास."

"आक्का, खरं सांगू? पुसाय हात झाला न्हाई. नवं तू चांगलं म्हटलंस, पर जुन्यात तुझा जीव हाय. दोनशे पत्रं आल्यात! लोक म्हंत्यात, परत लावा."

"जीव कशात हाय त्ये तू ठरवनार?"

"मी तुझं नाव केलं गं."

"माज्या नावाम्होरं भक्तीण लावलंस. त्ये कुनाला इचारून?"

कोंडीबानं पटका सारखा केला.

"रेडिओवर सांग," ती म्हणाली. "सांग, आक्कानं रेडिओसाटी म्हटलं नव्हतं, मी फसवून घेतलं."

"आसं बोलत न्हाईत रेडिओवर. मला काडून टाकत्याल."

"मला वस्तीनं काडलं तर चालंल, व्हय?"

तो म्हणाला, "आक्का, तू कुडाबाहीर बसू दिलं नसतंस तर मी कोन हुतो?" आणि डोळ्यांना पटका लावला. रडणं खरं होतं. पण पुढच्या शुक्रवारी त्यानं तेच गाणं पुन्हा लावलं, लोकाग्रहास्तव.

मी वस्तीत गेलो आणि विहाराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं: मशीन बघायला म्हणून म्हणवून घेतलं, पुसतो म्हणाला, मी मान हलवली. यल्लाप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवं गुर्जी, त्या दिशी चावडीत उटून का न्हाई सांगितलंसा? समदी हुती की तवा."

माझं नाव पेटीत आलं होतं, हे काय सांगणार? मी म्हणालो, "चुकलं."

त्यांनी माझा शब्द धरला. बायडाबाईचा मान राहिला. उद्घाटनाचं गाणं तिच्याकडंच ठेवलं. धोंडुबाईनं येऊन तिचे हातही धरले. मला वाटलं, मिटलं.

उद्घाटनाला मांडव भरला होता, वरच्या आळीचीही माणसं आली होती. बायडाबाई पांढरं लुगडं नेसून उभी राहिली आणि सुरू केलं:

"आली गं अक्षरं, पाटीवर बसून..."

चाल मरीआईच्या जुन्या गाण्याचीच होती. तिच्या गळ्यात दुसरी कुठून येणार? वस्तीत ती सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणाला खटकली नव्हती. आठ वर्षांत जुने शब्द मागे पडले होते. पण आता रेडिओनं दोनदा वाजवून ते घराघरात परत आणले होते. मांडवाच्या मागच्या बाजूनं कुणीतरी, सहज, वाईट मनानं नव्हे, जुन्या गाण्याची ओळ धरली: "आली गं मरीआई, गाड्यावर बसून..." चार-पाच गळे त्यात मिसळले. लेकरांनी टाळ्या धरल्या.

बायडाबाई थांबली. विजयमालेनं उठून मागच्यांना गप्प केलं.

मग तिनं हात खाली सोडले आणि आपलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून दाखवलं. चाल नाही, ओढ नाही. बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तसं. सात कडवी होती. एकही गाळलं नाही.