लंकाबाईचा गुडघा

त्या घराची एक रीत होती. धाकट्या सुनेने भायाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही. दोघं दोन हातांवर उभे असले तरी मधे सासू लागायची. लंकाबाई म्हणायची, "आत्याबाई, भायांना सांगा, बैल सुटलाय." केरूला ते लख्ख ऐकू यायचं, पण तो आभाळाकडे बघत थांबायचा. मग सासू, कुसाबाई, तेच पुन्हा सांगायची आणि तोवर बैल कुणाच्या तरी कोथिंबिरीत असायचा. बारा वर्षं हा तमाशा चालला होता.

एक्याऐंशी साली लंकाबाईचा नवरा गोरक्ष मालेगावला मागावर कामाला गेला आणि कळवणकडच्या त्या गावातलं त्याच्या वाटणीचं एकरभर रान तिच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं गाव म्हणायचं. तिला ते हवंच होतं. केरूलाही हवं होतं, आपल्या औताखाली. जाताना गोरक्षाने भावाशी परस्पर ठरवून टाकलं, की या पावसाळ्यात लंका मका करील, आणि पीक फसलं तर पुढल्या सालापासून रान केरूने कसायचं. लंकाबाईने हे दाराआडून ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रानात राबणार ती, आणि पैज लावणार हे दोघे!

मृगाच्या आधी शेतकी खात्याचे साहेब चावडीवर आले. ती बायकांत मागे बसली होती. साहेब म्हणाले, मक्याला युरिया एकदम देऊ नका, तीन वाटे करा. एक पेरताना, दुसरा पीक गुडघ्याएवढं झाल्यावर, तिसरा तुरा बाहेर पडायच्या जरा आधी. कोवळ्या रोपाला लागतं कितीसं? उरलेलं पावसात वाहून जातं. पुरुषांनी माना डोलावल्या आणि पेरणीच्या दिवशी सगळ्या गोण्या एका दमात रानात रिकाम्या केल्या. पावसाळी हवेत युरियाचं पाणी होतं, तो दोन महिने सांभाळायचा कुणी?

लंकाबाईने सांभाळला. एक वाटा पेरणीला दिला आणि बाकीचा धान्याच्या छोट्या कणगीत, आत प्लास्टिकचा कागद घालून, चुलीमागच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवला. वरचं झाकण शेणमातीने लिंपून टाकलं. कुसाबाईने कपाळाला हात लावला.

"अगं, मिठावानी दिसतंय ते. कुणी कालवणात घातलं म्हंजे?"

"म्हणूनच लिंपलंय आत्याबाई. कालवण आपण दोघीच करतो ना?"

आषाढात चार दिवस उघडीप पडली. लंकाबाई सरीत उभी राहिली तर मक्याचं पान बरोबर तिच्या गुडघ्याला लागत होतं. गावात तिच्याहून बुटकी बाई नव्हती, हेही खरं. ती पाटीत खत घेऊन निघाली तशी केरू बांधावर येऊन उभा राहिला. तो सहा फुटी.

"आई, तिला सांग, साहेबानं गुडघा म्हटला तो पुरुषाचा. अजून आठ दिवस हायेत."

"भायांना सांगा आत्याबाई, रान माझं हाय तर गुडघाबी माझाच."

कुसाबाई पार अडकली. सुनेच्या गुडघ्याचं नाव थोरल्या लेकापुढे कसं काढायचं? "ती म्हणती, आजच टाकते," एवढं पुटपुटून ती बांधावरचं गवत खुरपायला बसली.

सरीतलं तण आधीच काढलेलं होतं. लंकाबाईने बुंध्यापासून चार बोटं सोडून चिमूट चिमूट खत टाकलं आणि वर माती ओढली. दुसऱ्या दिवशी भुरभुर आली, खत जिरलं. मग जी झड लागली ती पंधरा दिवस हटली नाही. केरूच्या गुडघ्याला पीक पोचलं तेव्हा रानात पोटरीभर चिखल होता.

झड थांबली आणि केरूचा मका पिवळा पडायला लागला. खालची पानं शेंड्यापासून मधल्या शिरेने आत आत पिवळी होत चालली. सगळ्या गावाचीच गत ती. एका सकाळी तो रिकामी गोणी घेऊन सरळ चुलीशी आला.

"आई, कणगी फोड. घर एक तर खतबी एक."

लंकाबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच ती उठली आणि कणगीला पाठ लावून उभी राहिली. कुसाबाई निरोपाची वाट बघत होती. निरोप आला नाही.

"हात लावायचा नाय," लंकाबाई थेट केरूच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "तुमचं तुमी पेरणीलाच उधळलं. पावसानं नेलं ते पावसाकडं मागा."

केरूच्या हातातून गोणी गळाली. "आई, तिला सांग, तोंड सांभाळ म्हणावं!"

"मी काय सांगू? ती तुझ्यापुढंच उभी हाय," कुसाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"पीक बुडालं तर रान माझं जाणार," लंकाबाई म्हणाली. "तवा घर एक नसतं. मंग आजच कुठून एक झालं?"

केरू पाय आपटत गेला. लंकाबाईला इतका आनंद झाला होता की ती उभ्या उभ्या हसली. त्याच आठवड्यात तुऱ्याची चाहूल लागली आणि तिने तिसरा वाटा टाकला.

कापणीला केरू तिच्या रानात आला. एक कणीस सोलून त्याने दाणे शेंड्यापर्यंत चाचपले. त्याच्या कणसांचे शेंडे भुंडे राहिले होते. या कणसावर मोकळी जागा सापडेना. अखेर तो पहिल्यांदाच तिच्याशी सरळ बोलला, आवाज एकदम मऊ करून.

"पुढल्या साली दोन्ही रानं एकदमच करू. औत मी धरतो, खताचं तू सांगत जा."

लंकाबाईला हे गोड बोलणं पैजेपेक्षा जास्त झोंबलं. म्हणजे पिकवलं तरी रान जाणारच होतं!

"खत कवा टाकायचं ते दरसाल सांगीन," ती म्हणाली. "तुमाला सांगीन, गावात जो इचारील त्याला सांगीन. रान मागायला पुन्हा यायचं नाय."

केरू घुटमळला, मग कणीस हातात घेऊनच वळला.

"आन ते कणीस पाटीत टाका," ती मागून ओरडली. "माझं हाय."